शिरगावात घर बांधायचंय? पंचायतीचा परवाना सगळ्यात शेवटी का येतो, समजून घ्या

डिचोली : पावसाळा सरला की शिरगावात चिऱ्यांचे ट्रक दिसायला लागतात. वडिलोपार्जित घरात तीन भावांचे संसार मावत नाहीत, किंवा बाहेरगावी नोकरीला गेलेला मुलगा परत येऊन गावातच राहायचं म्हणतो, किंवा मातीच्या भिंतींनी आता हात टेकलेले असतात. कारण काहीही असो, घरात पहिला विचार एकच निघतो, पंचायतीत अर्ज टाकूया. अर्ज घेऊन माणूस पंचायतीत जातो आणि सेक्रेटरी विचारतात की टीसीपीची ऑर्डर कुठे, सनद कुठे. खऱ्या फेऱ्या तिथून सुरू होतात.

हे शिरगाव म्हणजे डिचोली तालुक्यातले, लईराई देवीचे, निखाऱ्यांवरून चालणाऱ्या धोंडांचे. देवगडच्या वाचकांनी आपले शिरगाव समजू नये, तिथले नियम निराळे आहेत. पण डिचोली आणि दोडामार्ग यांच्यात सोयरीक इतकी आहे की एकाच कुटुंबाची जमीन दोन्ही राज्यांत असणे नवीन नाही. दोडामार्गात घर बांधलेला माणूस गोव्यातही तसेच होईल म्हणून चालतो आणि इथे अडकतो. त्यामुळे गोव्याचा रस्ता कसा आहे ते एकदा नीट बघायला हवे.

परवाना पंचायतीचा, पण…

गोवा पंचायत राज कायदा १९९४ च्या कलम ६६ नुसार पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय पंचायत हद्दीत नवीन इमारत उभारता येत नाही, असलेल्या इमारतीत भर घालता येत नाही. म्हणजे परवाना देणारी पंचायतच. मात्र बांधकाम तांत्रिकदृष्ट्या बसते की नाही हे पंचायत स्वतः ठरवत नाही. ते नगर नियोजन खाते, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले टीसीपी, ठरवते. त्याला आधार आहे २००८ चा जमीन विकास व इमारत बांधकाम नियमन कायदा आणि त्याखालची २०१० ची नियमावली. टीसीपी बघते ती जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते. जमीन शेतीची असेल तर ती बिगरशेती करण्याची सनद महसूल खाते देते. आणि सनद मागायला आधी जमीन आपली आहे हे दाखवावे लागते.

साखळी अशी उलटी आहे. म्हणून इंजिनिअरकडून नकाशा काढून घेण्याआधी, त्याला पैसे देण्याआधी, दोन गोष्टी तपासाव्यात. जमीन कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या झोनमध्ये आहे. या दोन्हींचे उत्तर नीट असेल तर बाकीचे काम वेळखाऊ असले तरी होते. यापैकी एकात घोळ असेल तर चांगल्यातला चांगला नकाशाही फाइलीत पडून राहतो. बहुतेक लोक नेमके उलटे करतात, आधी थ्री-डी चित्र काढून घेतात.

एक-चौदावर काय लिहिलंय?

महाराष्ट्रात जो सात-बारा, गोव्यात तो नमुना एक व चौदा. सगळे त्याला एक-चौदाच म्हणतात. तो ऑनलाइन मिळतो, पण शोधताना गावाचे नाव शिरगाव टाकून सापडले नाही तर घाबरू नये. सरकारी इंग्रजी दप्तरात गावाचे नाव ‘सिरिगाव’ असे आहे. सोबत सर्व्हे प्लॅन घ्यावा आणि तीन रकाने नीट वाचावेत : कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क.

कब्जेदाराच्या रकान्यात आजोबांचे नाव अजून असेल तर ते घरोघरी आहे, त्यात विशेष काही नाही. पण एक लक्षात ठेवायचे. एक-चौदा हा महसुली नोंदीचा कागद आहे. त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, तरी तो मालकीहक्काचा दस्त नव्हे. मालकी दाखवायला विक्रीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, इन्व्हेंतारीचा निकाल असे काहीतरी लागते.

गोव्याबाहेरच्या नातेवाइकांना सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट इथेच आहे. गोव्यात वारसा आणि नवरा-बायकोची मालमत्ता यांवर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली. आता वारशाचा भाग २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंतारी कायद्यात आहे, तो २०१६ पासून लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जाते, त्यात वारशाने आलेलीही आली. म्हणून जमीन एकट्या नवऱ्याला बापाकडून मिळालेली असली तरी कागदावर बायकोची सही लागते. मुलीचा वाटा मुलाइतकाच. आणि मुलीचे लग्न याच समाईक पद्धतीत झालेले असेल तर जावयाचीही सही.

आता हिशेब करा. आजोबांच्या नावावरची जमीन, त्यांची पाच मुले, दोन मुलगे आणि तीन मुली, सगळ्यांची लग्ने झालेली. एका मुलाला एका कोपऱ्यात घर बांधायचे तर दहा सह्या. एक बहीण मुंबईत, एक मेहुणा आखातात, एक आत्या वारलेली म्हणजे तिच्या जागी तिची मुले आणि सुना. या हिशेबात कोणी वाईट नसते, सगळे ‘हो’च म्हणत असतात, पण कागद तयार व्हायला दोन वर्षे जातात. काही घरांत बहिणीला वाटते की सही म्हणजे हक्क सोडला. खरे तर घर बांधायला हरकत नाही असे लिहून देणे वेगळे आणि हक्कसोड वेगळी. कोणत्या कागदावर सही होतेय ते बहिणीला वाचून दाखवावे, तिला वकिलाला विचारायला वेळ द्यावा. घाईने घेतलेली सही पुढे न्यायालयात भारी पडते.

वारसांची नोंद करून घेण्याचे दोन मार्ग. सगळे एकमताचे असतील तर वारसाचे प्रमाणपत्रवजा दस्त विशेष नोटरीकडे होतो. वाटणीवर एकमत नसेल किंवा रीतसर वाटणी हवी असेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंतारी. त्यानंतर मामलेदारांकडे म्युटेशन, आणि आपला तुकडा वेगळ्या पोटक्रमांकाने हवा असेल तर पार्टिशन. बाहेर राहणाऱ्या गोंयकारांसाठी एक जास्तीची माहिती : सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये म्हटले आहे की गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्तादेखील याच कायद्याने वारसांकडे जाते. पुण्यातला फ्लॅटही यादीत धरावा लागतो.

कुळाच्या रकान्यात नाव दिसले तर

इथे थांबायलाच हवे. कूळ कायद्याखाली कुळाकडे आलेली शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, असे १९९१ चा गोवा जमीन वापर नियमन कायदा सांगतो. जमीन कुळाच्या नावे झाली, आता आपली झाली, घर बांधू, असे धरून चालणारे कुटुंब सनदेच्या टप्प्यावर परत पाठवले जाते. भातशेतीच्या जमिनीची खरेदी-विक्रीही २०२३ च्या कायद्याने शेतकऱ्यांपुरती मर्यादित केली आहे. तेव्हा ‘शेत स्वस्तात मिळतंय, हळूहळू घर करू’ हा सल्ला देणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

मुंडकाराचे वेगळे. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला १९७५ च्या मुंडकार कायद्याने घरातून हुसकावता येत नाही, आणि घर व त्याभोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. पंचायत क्षेत्रात ही जागा साधारण ३०० चौरस मीटरपर्यंत धरली जाते. दावा मामलेदारांसमोर चालतो. मुंडकाराला जुने घर पाडून नवीन बांधायचे असेल तर आधी खरेदीचा निकाल हातात घेणे शहाणपणाचे. नाहीतर घर नवे, जागा भाटकाराची, आणि भांडण मुलांच्या वाट्याला.

शेजारच्या मयेचे दुखणे तर पिढ्यांचे. तिथल्या बऱ्याच जमिनी मुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेल्या आणि राहणारी माणसे स्वतःच्याच घरात परकी झाली. त्यासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. शिरगावात मयेच्या बाजूला जमीन असेल तर एक-चौदावर कस्टोडियनचा उल्लेख आहे का, तेही पाहून ठेवावे.

झोन

डिचोलीच्या टीसीपी कार्यालयात सर्व्हे नंबर देऊन झोनिंगचा दाखला मागता येतो. आधार असतो प्रादेशिक आराखडा २०२१ चा. जमीन सेटलमेंट झोनमध्ये आली तर पुढे जाता येते. ऑर्चर्ड, भातशेती, पर्यावरणीय संवेदनशील असे काही आले तर साध्या घराला वाट जवळपास बंद. बागायतीत फार्महाउस होते म्हणतात ते खरे, पण त्याला किमान ४००० चौरस मीटर जमीन लागते, आणि तेवढी असली तरी बांधकामाला फार छोटी मर्यादा.

एक-चौदावर ‘जिरायत’ लिहिलेय म्हणजे घर बांधता येते, असा एक गैरसमज गावात घट्ट बसलाय. एक-चौदावरचे वर्णन आणि आराखड्यातला झोन या दोन वेगळ्या नोंदी आहेत. शेजाऱ्याचे घर झाले म्हणून आपलेही होईल हेही खरे नाही. झोनची रेघ कधीकधी एकाच सर्व्हे नंबराच्या मधून जाते.

झोन बदलून देतो म्हणणारे एजंटही भेटतात. नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आले, २०२४ मध्ये ३९अ आले, आणि दोन्हींवरून गोव्यात मोठे वादळ उठले. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. अशा बदलाच्या भरवशावर बँकेचे कर्ज काढणे म्हणजे पत्त्यांवर घर बांधणे.

सेटलमेंटमध्ये किती बांधता येते तेही दाखल्यावरून कळते. गावाच्या दर्जानुसार एफएआर ६० किंवा ८० टक्के असतो. ३०० चौरस मीटरचा प्लॉट आणि ६० टक्के असेल तर सगळ्या मजल्यांची मिळून १८० चौरस मीटर, म्हणजे साधारण १,९०० चौरस फूट. एका कुटुंबाला ते पुरते. अडचण होते ती चारही बाजूंना सोडायच्या जागेची. वाटण्या होऊन चिंचोळी पट्टी हाती आलेली असेल तर सेटबॅक सोडल्यावर मधे खोलीच उरत नाही. वाटणी करतानाच इंजिनिअरला बोलावले तर हे टळते.

रस्त्यापासून सोडायच्या अंतराकडे शिरगावकरांनी आता जास्तच गांभीर्याने बघायला हवे. ३ मे २०२५ च्या पहाटे लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, तेव्हा उताराच्या अरुंद रस्त्याची चर्चा राज्यभर झाली. रस्त्याला टेकून काढलेली एक पायरी, एक शेड यांनी वर्षभर काही बिघडत नाही. जत्रेच्या रात्री तिथेच माणसे अडकतात.

खाणीच्या रेषेत घर

शिरगावचे खास दुखणे ते हेच. गावाभोवती दशकानुदशके लोहखनिज काढले गेले, विहिरींचे पाणी खाली गेले, शेतात गाळ उतरला, या तक्रारी गावाने न्यायालयापर्यंत नेल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. नंतर राज्य सरकारने खनिज ब्लॉकचा लिलाव सुरू केला. पहिल्याच टप्प्यात डिचोली ब्लॉक, शिरगाव-मये ब्लॉक आणि मोन्त द शिरगाव हे तीन ब्लॉक होते. घरे, देवळे, तळी आणि शेती लिजाच्या हद्दीतून वगळा, ही मुळगाव-शिरगावच्या लोकांची मागणी तेव्हापासून चालू आहे.

घर बांधणाऱ्याने यातून काय घ्यावे? लीज म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. ब्लॉक कोणालाही गेला तरी एक-चौदावरचे नाव त्यामुळे बदलत नाही. तरी आपला सर्व्हे नंबर ब्लॉकच्या हद्दीत आहे का ते खाण संचालनालयाच्या नकाशावर पाहून घ्यावे, असेल तर तसा लेखी दाखला मागून फाइलीत ठेवावा. कर्ज देताना बँकेचा वकील हा प्रश्न विचारू शकतो, आणि तेव्हा शोधाशोध करण्यापेक्षा कागद हाताशी असलेला बरा. जुन्या खंदकाच्या किंवा मातीच्या ढिगाच्या जवळ प्लॉट असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागेवर नेऊनच पाया ठरवावा. डोंगरउतार कापायचा किंवा सखल जागा भरायची असेल तर नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली वेगळी परवानगी लागते. ‘थोडीशीच माती काढली’ हे कारण चालत नाही.

सनद आणि टीसीपी

सनद म्हणजे महाराष्ट्रातली एनए. गोवा जमीन महसूल संहिता १९६८ च्या कलम ३२ खाली ती मिळते. अर्ज महसूल खात्याकडे, आणि त्यावर मामलेदार, टीसीपी आणि वन खाते असे तिघांचे अहवाल मागवले जातात. वेळ जातो तो या अहवालांत. जमिनीवर दाट झाडी असेल तर वन खात्याकडून प्रश्न येतो. शुल्क चौरस मीटरवर आकारले जाते, म्हणून पाच हजार मीटरच्या भाटातले फक्त घरापुरते क्षेत्र मागितले तरी चालते. सगळ्या भाटाची सनद काढायची गरज नाही.

टीसीपीकडे नकाशा जातो तो खात्याकडे नोंदणी असलेल्या इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या सहीने. सोबत एक-चौदा, सर्व्हे प्लॅन, मालकीचे दस्त, झोनिंग, साइट प्लॅन. कार्यालयाचा माणूस जागा बघून जातो. सगळे बसले तर टेक्निकल क्लिअरन्सची ऑर्डर येते. सनद अजून झाली नसेल तर बांधकामाआधी ती घ्यावी, अशी अटही तीत असते. ऑर्डरच्या अटी बारीक अक्षरात असतात, आणि त्या कोणी वाचत नाही. शिरगावसारख्या गावात त्यातली एक फार मोलाची आहे. शौचालयाचा सोकपिट कोणत्याही विहिरीपासून किमान १५ मीटर दूर हवा. ती विहीर आपलीच असायला पाहिजे असे नाही, शेजाऱ्याचीही मोजायची. खाणींनी आधीच पाणी खाली नेलेल्या गावात जी विहीर अजून भरते तिच्याजवळ खड्डा खणणे हे कायद्याआधी अक्कल सांगते की करू नये.

मग पंचायत

आता पंचायतीत अर्ज. टीसीपीची ऑर्डर, मंजूर नकाशाच्या प्रती, मालकीचे कागद, सनद, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, खर्चाचा अंदाज, स्ट्रक्चरची जबाबदारी घेणारे इंजिनिअरचे पत्र. अर्जाची पोच घ्यावी, तारखेच्या शिक्क्यासह. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना समजा, कारण घड्याळ त्या तारखेपासून सुरू होते.

कायद्याने पंचायतीला निर्णय घेऊन कळवायला ३० दिवस आहेत. तेवढ्यात काही कळवले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येते. त्यांनी अपील ३० दिवसांत निकालात काढायचे. तेही झाले नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते, मात्र बांधकाम कायद्यात आणि नियमांत बसणारे हवे. पंचायतीत वर्ष-वर्ष हेलपाटे घालणाऱ्या अनेकांना हा मार्ग माहीत नसतो. माहीत असतो त्यांना सरपंचाशी वाकडे घ्यायचे नसते, कारण उद्या पाण्याच्या नळासाठी, परवा रहिवासी दाखल्यासाठी त्याच दारात जायचे असते. छोट्या गावात ही अडचण खरी आहे. पण अपील म्हणजे भांडण नव्हे. पंचायत मंडळाच्या बैठकीत विषय का आला नाही, एवढेच विचारणारे पत्र आधी द्यावे, बऱ्याचदा त्यानेच फाइल हलते.

खर्चाचे थोडक्यात. सनदेचे शुल्क, टीसीपीचे शुल्क, २००९ च्या कायद्याखालचा पायाभूत सुविधा कर लागू होत असेल तर तो, पंचायतीचे परवाना शुल्क, आणि कामगार कल्याणाचा एक टक्का सेस. हा सेस बांधकामाच्या खर्चावर असतो. स्वतः राहण्यासाठीचे घर ५० लाख रुपयांच्या आतले असेल तर लागत नाही. इंजिनिअरची फी आणि वारसदस्तांचा खर्च यात धरलेला नाही, आणि जुन्या घराण्यात तोच सगळ्यात मोठा निघतो. घराचे बजेट करताना कागदांचा रकाना वेगळा ठेवावा. चिरा आणि सिमेंट यांतून उरेल त्यात भागवू म्हटले तर भागत नाही.

‘आधी बांधू, मग बघू’

ही सवय गोव्यात जुनी. घर उभे राहायचे, घरपट्टी लागायची, त्या पावतीवर वीज यायची आणि दहा वर्षांनी सगळे विसरायचे. आता ते दिवस संपत आलेत. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी सूचना दिल्या की वीज, पाणी आणि बँकेचे कर्ज हे पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्यावे. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रस्त्याकडेच्या आणि शेतातल्या बेकायदा बांधकामांची स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात पंचायती आणि महसूल यंत्रणेला कारवाईचे आदेश दिले. त्यानंतर पंचायतीतून नोटिसा निघू लागल्या. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, हे न्यायालयात टिकत नाही. घरपट्टी हा कर आहे, परवाना नव्हे.

जुन्या घरांसाठी सरकारने सवलतीचे मार्ग काढले आहेत. १९७२ च्या सर्व्हेत नकाशावर दिसणारी घरे जुनी म्हणून मानायची भूमिका सरकारने घेतली. खाजगी जमिनीवरच्या विनापरवाना बांधकामांसाठी २०१६ चा नियमितीकरण कायदा आहे. सरकारी आणि कोमुनिदादच्या जमिनीवरील घरांसाठी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात दुरुस्त्या झाल्या, आणि ४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘म्हजें घर’ योजनेचा प्रारंभ झाला. या सगळ्यांत एक तारीख पुन्हा पुन्हा येते : २८ फेब्रुवारी २०१४. त्या आधीच्या बांधकामांपुरता विचार. आज पाया घालणाऱ्याला यातले काहीही लागू नाही. गावात मात्र ‘म्हजें घर आलंय, सगळं रेग्युलर होतंय’ एवढेच पसरलेय. ते ऐकून कोणी चिरे उतरवले तर नोटीस त्यालाच येणार.

सीमेपलीकडे कसे?

महाराष्ट्रात ग्रामीण भागात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे १,६०० चौरस फुटांच्या प्लॉटवर घर बांधायला नगररचना खात्याकडे जावे लागणार नाही, आणि ३०० चौरस मीटरपर्यंत ग्रामपंचायतीतूनच काम होईल, असा निर्णय २०२१ च्या सुरुवातीला जाहीर झाला. आराखड्यात रहिवासी दाखवलेल्या जमिनीला स्वतंत्र एनएची गरजही २०१७ नंतरच्या दुरुस्त्यांनी बरीच कमी झाली. बेळगाव-खानापूर बाजूला पहाणीचा उतारा, जिल्हाधिकाऱ्यांकडून बिगरशेती आणि ग्रामपंचायतीच्या ‘ई-स्वत्तू’तले नमुना ९ व ११ हे कागद महत्त्वाचे. गोव्यात छोट्या प्लॉटला अशी मोकळीक नाही. १०० मीटरच्या घरालाही टीसीपी आणि पंचायत दोन्ही. दोडामार्गच्या भाच्याचा सल्ला शिरगावच्या मामाला चालत नाही तो यामुळे.

परवाना हातात आल्यावर

काम सुरू करताना परवान्याचा नंबर, तारीख आणि देणाऱ्या कार्यालयाचे नाव लिहिलेला फलक जागेवर लावायचा. पंचायतीला आखणीसाठी कळवायचे, जोते झाल्यावर पुन्हा कळवायचे. परवान्याची मुदत त्यावरच छापलेली असते, पैशांअभावी काम रेंगाळले तर ती संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करावा. मंजूर नकाशात नसलेली बाल्कनी किंवा वरची खोली मधेच सुचली तर आधी सुधारित नकाशा द्यावा, मिस्त्रीला सांगून मोकळे होऊ नये.

घर पूर्ण झाले की टीसीपीकडून पूर्णत्वाचा दाखला, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला आणि मग पंचायतीकडून ऑक्युपन्सी. त्यानंतर घरनंबर आणि घरपट्टी, आणि त्या घरनंबरावर कायमची वीज आणि पाणी. बांधकामासाठी घेतलेले तात्पुरते वीज कनेक्शन ऑक्युपन्सी मिळेपर्यंत तोडू देऊ नये. ऑक्युपन्सी मागताना जागेवरचा चिऱ्यांचा, मातीचा उरलासुरला ढीग उचललेला असावा. तीही परवान्यातली एक अट आहे, आणि पाहणीला आलेला माणूस ती बघतो.